ओली पिंडी

गिरणीवाल्याला गिऱ्हाईक चेहऱ्यावरून आठवत नाही, डब्यावरून आठवतं. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत मी उभी हयात गिरणी चालवली. रस्त्यात कुणी रामराम घातला की मी माणसाकडं बघून गोंधळायचो, आणि मग डोळ्यांपुढं यायचा तो डबा. वनस्पती तुपाचा, झाकणाला पोचा पडलेला, कडीला लाल चिंधी बांधलेली. चिंधी आठवली की घर आठवायचं, आणि त्या घरात भाकरीचं पीठ बारीक लागतं की सरसरीत, तेही.

या अंकाच्या संपादकांनी 'गिरणीतल्या गमती लिहा' म्हणून गळ घातली. गमती पुष्कळ आहेत, त्यातल्या एकदोन सांगतोही. पण मी लिहायला बसलोय ते एका बाईसाठी. माझ्या गिरणीच्या पायरीवर तिनं एक शब्द उच्चारला. त्या शब्दाचा मी चारचौघांत अनर्थ केला, आणि त्यापायी तिला तिच्याच घरात सणासुदीच्या पिठाला हात लावायची चोरी झाली. तो शब्द काय होता ते सरळ सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. गिरणी म्हणजे दोन दगड, एक जागचा हलत नाही आणि दुसरा फिरतो. मधली फट किती ठेवायची, यात सगळं कसब. पीठ पडतं त्या कापडी तोंडाखाली हात धरायचा, चिमूट घ्यायची आणि अंगठ्यानं चोळून बघायची. दगड झिजून गुळगुळीत झाले की ते धान्य कापत नाहीत, नुसते रगडतात. पीठ गरम पडतं आणि त्याची भाकरी थापताना चिरते. मग गिरणी बंद ठेवून छिन्नी-हातोडीनं दगड पुन्हा खरबरीत करायचे, त्याला टाकी लावणं म्हणतात. ओल्या धान्याशी तर आमचं वैरच. ओले तांदूळ टाकले की दगडाला लेप बसतो आणि पुढच्या चार गिऱ्हाइकांचं दळण बिघडतं. म्हणून अनारशाचे तांदूळ घेऊन आलेल्या बायांना मी हात जोडायचो, "आधी सावलीत सुकवा, मंग या."

गिरणीच्या मागं माझी छोटी भट्टी होती. दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक घरचा मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन यायचे आणि नानखटाई, बिस्किटं भाजून न्यायचे. आपलं तूप दुसऱ्याच्या मैद्यात जाऊ नये म्हणून बाया भट्टीसमोर ठाण मांडून बसायच्या. प्रत्येक घराचा आपला शिक्का असायचा. कुणी बिस्किटावर किल्लीचं डोकं दाबायचं, कुणी बांगडीचा तुकडा. कोर्टातून निवृत्त झालेले एक पेशकार साहेब होते, ते कोटाचं पितळी बटण दाबायचे. एकदा ते तणतणत आले.

"मामा, ही उघड उघड चोरी हाय. शेजारच्याकडं चहाला बसलो तर बशीत माझंच बटण."

त्यांच्या मागोमाग त्यांची बायको आली. "म्याच दिल्यात त्यांना. तुमचं बटण काय सरकारी मोहर हाय का? चला घरी."

भट्टीचं काम मी नांदेडला शिकलो. लग्नाआधी तिथं जुन्या गावात एका बेकरीत कामाला होतो. आमचे उस्ताद मोजकं बोलायचे. "मैदे कू मारना, नानखटाई कू मनाना," हे त्यांचं सगळं शास्त्र. मैदा म्हणजे गव्हाचा नुसता गाभा. तो बडवून, मळून, ताणून घेतला की लवचिक होतो, तुटत नाही, म्हणून पाव आणि खारी त्याची होते. नानखटाईला तोच मैदा बोटांच्या टोकांनी तुपात नुसता मिसळायचा. जोर लावला की ती दगड झालीच म्हणून समजा. जोर कुठं लावायचा आणि कुठं नाही, हे पिठापुरतं मला लवकर कळलं.

त्या बेकरीत बरेच कामगार बोधन, निजामाबादकडचे होते. ते आपसांत तेलुगू बोलायचे. पाण्याला नीळ्ळु, मिठाला उप्पु आणि पिठाला पिंडी. "पिंडी, इंका कोंचम" अशी हाक आली की मी परातीत आणखी थोडं पीठ ओतायचो. माझं तेलुगू तेवढंच, कामापुरतं. पण पिंडी हा शब्द त्या काळात मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकला असेल. हे ध्यानात ठेवा, कारण माझा गुन्हा यातच आहे.

पुढं लातूरला येऊन गिरणी टाकली. गिरणीत पीठ जेवढं पडतं तेवढंच बोलणंही. दळण होईपर्यंत माणसानं करायचं काय? माझ्या पायरीवर बसून लोकांनी सरकारं पाडली आणि लग्नं जमवली. आमच्या धंद्यानं मराठीला पुष्कळ दिलंय. वात्रट पोराची कणीक तिंबतात. गोऱ्यागोमट्या जाड्या पोराला मैद्याचं पोतं म्हणतात. एखादा तेच तेच सांगायला लागला की बायको म्हणते, पुरं करा तुमचं दळण. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, हे तर माझ्याकडं रोज कुणी ना कुणी म्हणायचं, आणि म्हणता म्हणता माझ्या काट्याकडं बघायचं. मीही बोलण्यात मागं नव्हतो. मामांच्या गिरणीत दळणासोबत हसणं फुकट, अशी ख्याती होती आणि ती राखायला मी धडपडायचो.

आमच्या गल्लीत एक शिक्षक राहायचे. त्यांना सगळे सर म्हणत, मीही तेच म्हणतो. घरात त्यांची आई काशीबाई, धाकटा भाऊ बाळू आणि सर. सरांची बायको देगलूरच्याही पलीकडची, तेलुगू मुलखातली. माहेरचं नाव नागमणी, सासरी सुनंदा झालं. मराठी समजायची तिला, पण बोलताना मधेच माहेरचा शब्द निसटायचा.

सासरची तिची ती पहिली दिवाळी. गिरणीत बायांची गर्दी. ज्वारी संपवून गहू घालायचा म्हणून मी पट्टा थांबवला होता, त्यामुळं आवाज नव्हता. तेवढ्यात ती आली. हातात पातेलं, त्यावर ओलं फडकं.

"मामा, पिंडी करून देता का?"

आपल्याकडं पिंडी म्हटलं की एक तर महादेवाची, नाही तर पिंड, दहाव्याला घाटावर ठेवतात तो. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

मला कळलं होतं. पातेल्यात भिजवलेले तांदूळ होते, आणि त्यांच्याकडं अनारशासारखाच पदार्थ ओल्या पिठाचा करतात हेही मी नांदेडला पाहिलेलं होतं. तरी मी विचारलं, "काय म्हणायलीस बाई?"

"पिंडी. ओली पिंडी पाहिजे. सणाला."

मी भुवया वर केल्या आणि म्हणालो, "सणाला पिंडी? अगं, गेलंय कोण तुमच्यात?"

गिरणी हसून हसून बेजार. एका बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. नागमणीही हसली, कशाला हसतात ते न कळता. ओले तांदूळ आता घेता येणार नाहीत म्हणून मी तिला परत पाठवलं. नंतर दिवसभर जो येईल त्याला तो किस्सा रंगवून सांगितला. तिचा आवाज काढून सांगितला. दुसऱ्या दिवसापासून ती गल्लीची पिंडीवहिनी झाली.

एवढ्यावर राहिलं असतं तर चारदोन सणांनी लोक विसरले असते. पण दिवाळी उलटली आणि बाळू गेला. नांदेडहून मोटारसायकलवर येत होता, अहमदपूरच्या अलीकडं ट्रकनं उडवलं. लग्नाचं चाललं होतं त्याचं. दहाव्याच्या आदल्या दिवशी त्यांचा एक भाऊबंद सातू घेऊन गिरणीत आला. पिंडासाठी पीठ पाहिजे होतं. मी दळून दिलं. गिरणीत चारपाच जण बसलेले होते. तो डबा घेऊन गेला आणि मग एक म्हातारी हळूच म्हणाली, "मामा, तुमच्या तोंडाला सत हाय बगा. तुमी इचारलं, गेलंय कोण."

दुसरी म्हणाली, "तिनं मागितलं म्हून तर यांच्या तोंडून निघालं. सणाच्या तोंडावर कुनी पिंडी मागतंय का?"

हेच बोलणं काशीबाईंच्या कानावर गेलं. तरणाताठा लेक गेलेली आई, तिला काहीतरी धरायला हवंच होतं. ती म्हणायला लागली, "माझ्या घरात पिंडी मागत आली आन् पिंड घालायची येळ आणली."

त्याच वेळी मी सांगायला पाहिजे होतं. तेलुगूत पिठाला पिंडी म्हणतात, तिनं पीठ मागितलं, आणि मला ते कळलं होतं. एवढंच बोलायचं होतं. पण शेवटचं वाक्य बोललो असतो तर चेष्टा अंगावर आली असती, आणि तोंडाला सत असलेला माणूस एका दिवसात हलकट ठरला असता. खरं सांगतो, मला ते सत आवडायला लागलं होतं. म्हैस कधी विणार ते लोक मला विचारून जायचे. मुलीला स्थळ सांगून आलं की, "मामा, तुमच्या तोंडून एकदा होईल म्हणा," असं म्हणायचे. मी म्हणायचो. झालं की माझं, नाही झालं की देवाचं.

नागमणीला घरातून कुणी काढलं नाही. सर भला माणूस, पण आईपुढं बोलायचा नाही. रोजच्या भाकरी तिच्याच हातच्या चालायच्या. भुकेला शकुन-अपशकुन कळत नसतो. पण सणाचं, लग्नाकार्याचं, नैवेद्याचं पीठ म्हटलं की तिनं लांब राहायचं. पुढच्या दिवाळीत काशीबाई भट्टीवर आल्या. मागं नागमणी, दोन्ही हातांत डबे. डबे खाली ठेवले आणि ती बाही सरसावून परातीपाशी बसायला गेली.

"तू नगं," काशीबाई म्हणाल्या. "तू तिकडं दाराशी थांब."

ती उठून दाराशी जाऊन उभी राहिली. बाकीच्या बाया मैद्यात तूप मिसळत होत्या, पोरी नानखटाईवर बोटं दाबत होत्या. मी भट्टीत तोंड घालून लाकडं सारत बसलो. लाकडं सारायची काही गरज नव्हती. आच बरोबर होती. त्यानंतर ते घर दळणाला दुसऱ्या गिरणीत जायला लागलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

वर्षं गेली. घराघरांत घरघंटी आली, पाकिटातला आटा आला, पोरांना बेकरीतली बिस्किटं बरी वाटायला लागली. आधी भट्टी विझली, मग गिरणी बंद केली. दगड अजून अंगणात पडून आहेत, त्यावर नातू सायकल टेकवतात.

यंदाच्या लग्नसराईत सर माझ्याकडं आले. पोरीचं लग्न ठरलं होतं. पोरगी पुण्याला नोकरीला, पण तिची हौस अशी की लग्नाचा घाणा जुन्या रीतीनं व्हायला पाहिजे. घाणा म्हणजे लग्नाआधी पाच सवाष्णी मिळून जात्यावर हळकुंडं आणि ओंजळभर गहू दळतात, गाणी म्हणतात, तो कार्यक्रम.

"मामा, घरचं जातं पार गुळगुळीत झालंय. टाकी लावणारं माणूस मिळंना कुठं," सर म्हणाले. "तुम्ही येता का?"

मी छिन्नी-हातोडी घेऊन सकाळीच गेलो. हात थरथरतो आता, पण दगडावर टेकला की स्थिर होतो. अंगणात मांडव घातलेला, बाया जमायला लागलेल्या. काशीबाई खुर्चीत, नव्वदीच्या घरात, कानांनी अगदी कमी ऐकणाऱ्या. मी जात्याला टाकी लावत होतो आणि माझ्या कानांवर सवाष्णींची मोजणी पडत होती. या वहिनी, त्या काकू, समोरच्या बंगल्यातली एक कालपरवा राहायला आलेली बाई. पाचवी कोण, म्हणून शोध चालला होता.

नवरी म्हणाली, "पाचवी आई की. आई, तू बस ना."

स्वयंपाकघराच्या दारातून उत्तर आलं, "नको गं. मला आत काम आहे."

सगळ्यांनी ऐकलं आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या एका तरुण सुनेनं तर पोरीला हळूच दटावलं, "अगं, त्या नसतात बसत." तिला ते कुणी सांगितलं असेल? तिच्या सासूनं. आणि सासूला? माझ्या गिरणीनं.

जातं तयार झालं. मी हात धुवायच्या निमित्तानं आत गेलो. नागमणीबाई चहा गाळत होत्या. केस पांढरे, चष्मा, बोलणं आता आपल्यासारखंच मराठी.

मी म्हणालो, "बाई, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी तुम्ही पिंडी म्हणालात..."

"पीठ," त्या म्हणाल्या.

"मला ठाऊक होतं."

"हो, ते मला माहिती आहे." त्यांनी गाळणी खाली ठेवली. "तुम्हीच बोलला होता ना. सगळ्या हसत होत्या, तुम्ही पातेलं माझ्या हातात परत दिलं आणि बारीक आवाजात म्हणालात, रेपु रा अम्मा. उद्या ये. लग्न होऊन आल्यापासून आमची भाषा कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. मी खुशीतच घरी आले. म्हटलं, आपलं माणूस आहे गिरणीत."

मला हे आठवत नव्हतं. अजून आठवत नाही. दुसऱ्या दिवशी टाकी लावायची असेल. टाकीपायी दगड तसेही धुवायचे असले की मी ओलं दळण घ्यायचो. म्हणून बोललो असेन.

"मग आला नाहीत?" मी विचारलं.

"येऊ दिलं नाही. तुमची गोष्ट माझ्या आधी घरी पोचली होती." त्यांनी कपात चहा ओतला. "नंतर कित्येक दिवस मला वाटायचं, मामा आज सांगतील, उद्या सांगतील. मी सांगून पाहिलं हो. पण मी सांगितलं की ते माझं झाकायचं बोलणं ठरायचं."

"माझं चुकलं, बाई."

"मला कशाला सांगायलाव? मला माहितीच होतं. ज्यांना माहिती नाही त्यांना सांगा."

मी अंगणात आलो. काशीबाईंच्या खुर्चीपाशी वाकून बोललो. त्यांना ऐकू गेलं नाही. आवाज चढवला, तरी नाही. शेवटी गिरणी चालू असताना ओरडायचो तसा ओरडून बोललो, आणि मांडवातल्या बायांची गाणी थांबली.

"काशीबाई, तुमच्या सुनेनं त्या दिवशी पीठ मागितलं होतं. त्यांच्यात पिठाला पिंडी म्हणतात. ती काही वंगाळ बोलली नव्हती. मला समजलं होतं. मी हसवायला म्हणून तसं बोललो."

म्हातारी खुर्चीतून पुढं वाकली.

"पीठच म्हनत हुती व्हय ती?"

"व्हय."

"आन् तुला ठावं हुतं?"

"ठावं होतं."

"मग इतकी वर्सं तू काय दळत बसलास रे?"

काशीबाईंनी मान वळवली आणि स्वयंपाकघराकडं बघून हाक मारली, "सुनंदा, ये. बस जात्यापाशी."

नागमणीबाई दारात आल्या. पदराला हात पुसले. जात्याकडं बघितलं, सासूकडं बघितलं.

"आता गुडघे मिटत नाहीत, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "खाली बसले तर उठता येत नाही."

कुणी स्टूल आणायला धावलं, पण जात्यापाशी स्टुलाचं काय काम? नागमणीबाई पोरीच्या खांद्यावर हात टेकून वाकल्या आणि मूठभर गहू वरूनच जात्याच्या तोंडात सोडले. अर्धे आत पडले, अर्धे वरच्या दगडावरून घरंगळले. काशीबाई खुर्चीतून पदरानं डोळे टिपत होत्या. सुनेसाठी की लेकासाठी, ते मला सांगता यायचं नाही. पाचवी म्हणून शेवटी मांडवातलीच आणखी एक काकू बसली आणि घाणा पार पडला.

मी छिन्नी पिशवीत घालून निघालो. फाटकापाशी नागमणीबाई आल्या. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी असेल, निरोपाचं, असं मला वाटलं. हात रिकामा होता.

"मामा, आज बोललात ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण आज अंगणात बोललात. तेव्हा गिरणीत बोलला होता. गिरणीतलं बोलणं किती लांब जातं, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?"

म्हणून हे छापायला दिलं. आमच्या गल्लीतल्या लेकी पुण्याला, हैदराबादला, कुठं कुठं दिल्या आहेत, आणि तो किस्सा त्यांनी सासरी सांगितला असेल. मीच इतका रंगवला होता की सांगावासा वाटावा. त्यांच्यापर्यंत हा अंक गेला तर त्यांनी एवढं वाचावं. ती बाई दिवाळीच्या सणाला ओलं पीठ मागायला आली होती. तेलुगूत पिठाला पिंडी म्हणतात, आणि मला ते येत होतं.